छोट्या लिबरल आर्ट्स कॉलेजचा अर्ज: सुरुवात अकरावीपासून

अमेरिकेतील लिबरल आर्ट्स कॉलेजचे नाव काढले की आपल्याकडच्या बहुतेक पालकांना ‘आर्ट्स साइड’ आठवते, आणि दहावीला नव्वदच्या पुढे गुण मिळवलेल्या मुलीने तिकडे कशाला जायचे, हा प्रश्न पाठोपाठ येतो. हा गैरसमज आधी दूर व्हायला हवा. ही कॉलेजे चार वर्षांची, निवासी आणि मुख्यतः पदवीचेच शिक्षण देणारी असतात. तिथे भौतिकशास्त्र, गणित, जीवशास्त्र, संगणकशास्त्र, अर्थशास्त्र, इतिहास आणि संगीत हे विषय एकाच आवारात शिकवले जातात. विद्यार्थी सुरुवातीला निरनिराळे विषय घेऊन पाहतो आणि मुख्य विषय साधारणपणे दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस ठरवतो. पेनसिल्व्हेनियातील स्वार्थमोर आणि मॅसॅच्युसेट्समधील स्मिथ या कॉलेजांत तर अभियांत्रिकीची पदवीही घेता येते. विद्यार्थीसंख्या बहुधा दीड ते अडीच हजारांच्या आसपास असते. १७९३ साली स्थापन झालेल्या विल्यम्स कॉलेजात ‘ट्युटोरियल’ नावाचे अभ्यासक्रम आहेत, ज्यांत दोन विद्यार्थी आणि एक प्राध्यापक एवढेच समोरासमोर बसतात. एका आठवड्यात एकाने निबंध लिहून आणायचा आणि दुसऱ्याने त्याची चिकित्सा करायची, पुढच्या आठवड्यात उलट.

मी पश्चिम महाराष्ट्रातील एका कनिष्ठ महाविद्यालयात इंग्रजी शिकवते. आमच्याकडून दर वर्षी एखाद-दुसरा विद्यार्थी अशा कॉलेजांना अर्ज करतो, त्यांची शिफारसपत्रे मी लिहिते आणि त्यांचे अर्ज भरून होईपर्यंत त्यांच्या सोबत बसते. या अनुभवातून एक गोष्ट मला पक्की कळली आहे. जे कॉलेज एका वर्षी केवळ चार-पाचशे नवे विद्यार्थी घेते, ते प्रत्येक अर्ज माणसांकडून वाचून घेते, आणि वाचणाऱ्याला जाणून घ्यायचे असते की ही मुलगी आमच्या बारा जणांच्या वर्गात बसली तर काय बोलेल, कशाविषयी प्रश्न विचारील. आपली व्यवस्था मात्र विद्यार्थ्याची ओळख एका टक्केवारीत करून देते. त्या दोन्हींमधली जागा विद्यार्थ्याला स्वतःच्या हाताने भरावी लागते, आणि ती भरण्याचे काम एका महिन्यात होत नाही.

अकरावीचे वर्ष

महाराष्ट्रात अकरावी म्हणजे दहावी आणि बारावीच्या मधला विसावा, असे समजण्याची पद्धत आहे. अकरावीचे गुण पुढे कुठेच मोजले जात नसल्यामुळे मुले ते वर्ष सीईटी किंवा जेईईच्या क्लासला देतात आणि महाविद्यालयाच्या परीक्षेला जेमतेम उत्तीर्ण होण्यापुरते बसतात. अमेरिकन कॉलेजांना मात्र नववी ते बारावी अशा चारही वर्षांचे गुण लागतात, आणि अर्ज जातो तेव्हा बारावीचा निकाल हाती नसल्यामुळे अकरावीचे गुण हाच सर्वांत ताजा पूर्ण वर्षाचा पुरावा ठरतो. दहावीला ९४ टक्के आणि अकरावीला ५८ टक्के असलेले गुणपत्रक मी पाहिले आहे. मुलगा हुशार होता, क्लासच्या चाचण्यांत पहिल्या पाचांत असायचा, परंतु अमेरिकेतील आयोवा किंवा मेन राज्यात बसून अर्ज वाचणाऱ्याला त्या क्लासच्या चाचण्यांशी काही कर्तव्य नसते. त्याला एवढेच दिसते की हा विद्यार्थी एका वर्षात घसरला.

म्हणून या वाटेने जायचा विचार असेल तर अकरावीची घटक चाचणी, सहामाही आणि वार्षिक परीक्षा मनापासून द्याव्यात. घसरण होऊन गेली असेल तर अर्जातील ‘अतिरिक्त माहिती’च्या जागेत तीन-चार सरळ वाक्यांत कारण सांगावे: आमच्याकडे अकरावीचे गुण कोणत्याही प्रवेशासाठी धरले जात नाहीत, त्या वर्षी मी अमुक परीक्षेची तयारी करत होतो, बारावीच्या सहामाहीत माझे गुण इतके आहेत. सबबी सांगू नयेत आणि दोषही कोणाला देऊ नये.

याहून अवघड प्रश्न ‘इंटिग्रेटेड’ क्लासचा आहे. नाव एका महाविद्यालयाच्या पटावर आणि मूल दिवसभर क्लासमध्ये, अशी व्यवस्था असेल तर शिफारसपत्र लिहिणारा शिक्षक आणायचा कुठून? ज्या प्राध्यापकांनी त्या मुलाला प्रात्यक्षिक परीक्षेच्या दिवशीच पाहिले, ते त्याच्याविषयी काय लिहिणार? पालकांना माझे कळकळीचे सांगणे आहे की, अमेरिकेला अर्ज करण्याची थोडीही शक्यता असेल तर जिथे तास खरोखर होतात असेच कनिष्ठ महाविद्यालय निवडावे, मग त्याचे ‘कट-ऑफ’ चार टक्क्यांनी कमी असले तरी चालेल.

कागदपत्रे कोणी पाठवायची

बहुतेक लिबरल आर्ट्स कॉलेजे ‘कॉमन अॅप्लिकेशन’ या सामाईक संकेतस्थळावरून अर्ज घेतात. एका खात्यातून जास्तीत जास्त वीस कॉलेजांना अर्ज करता येतो. दर वर्षी १ ऑगस्टला नव्या वर्षाचा अर्ज खुला होतो, परंतु खाते अकरावीतच उघडून ठेवावे, म्हणजे प्रश्न कोणते आहेत ते निवांत पाहता येते आणि भरलेली मूलभूत माहिती पुढच्या वर्षी तशीच राहते.

या अर्जाचे दोन भाग असतात आणि इथेच आपल्याकडे पहिला गोंधळ होतो. एक भाग विद्यार्थी भरतो. दुसरा भाग शाळा भरते. गुणपत्रके, शाळेचा अहवाल आणि शिफारसपत्रे विद्यार्थ्याने स्वतः जोडायची नसतात, तर शाळेच्या वतीने ‘काउन्सेलर’ म्हणून नोंदवलेल्या व्यक्तीने आणि शिक्षकांनी आपापल्या दुव्यावरून चढवायची असतात. आपल्या महाविद्यालयांत काउन्सेलर नावाचे पद सहसा नसते. अशा वेळी प्राचार्य, उपप्राचार्य किंवा वर्गशिक्षक ती जबाबदारी घेऊ शकतात. त्यांना जुलैमध्ये भेटून, कोणती कागदपत्रे कोणत्या तारखेला लागणार याचा एक पानाचा तक्ता हातात द्यावा. ईमेल शक्यतो संस्थेचा असावा. कार्यालयात संगणकावर कागद चढवण्याचे काम करणाऱ्या लिपिकांनाही त्याच दिवशी भेटावे, कारण ऐन दिवाळीच्या सुट्टीत पहिली मुदत येते आणि कार्यालयाला कुलूप असते.

दुसरी अडचण खास आपली आहे. सीबीएसईच्या अनेक शाळांत नववी ते बारावी एकाच छपराखाली होतात. राज्य मंडळाचा विद्यार्थी मात्र दहावीनंतर शाळा सोडून कनिष्ठ महाविद्यालयात जातो. त्यामुळे नववीचे प्रगतिपुस्तक एका संस्थेकडे आणि अकरावीचे गुणपत्रक दुसऱ्या संस्थेकडे असते. जुन्या शाळेत जाऊन नववीच्या गुणांची मुख्याध्यापकांच्या सहीशिक्क्याची प्रत घ्यावी. ती मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतर करून त्यावरही सहीशिक्का घ्यावा, आणि हे सर्व कागद महाविद्यालयातील काउन्सेलरकडे देऊन एकाच संचात चढवायला सांगावेत.

शाळेच्या अहवालासोबत ‘स्कूल प्रोफाइल’ नावाचे एक पान जोडायचे असते. आमच्या महाविद्यालयात ते नव्हते. आम्ही पहिल्यांदा ते तयार केले तेव्हा दोन दुपारी गेल्या, पुढे दर वर्षी आकडे बदलण्यापुरतेच काम उरले. त्यात महाविद्यालय कुठे आहे, शाखा किती, माध्यम कोणते, वर्गात विद्यार्थी किती, राज्य मंडळाची परीक्षा कशी असते, अकरावीच्या परीक्षा महाविद्यालयाच्या पातळीवर होतात, आपल्याकडे वर्गातला क्रमांक अधिकृतपणे दिला जातो की नाही, एवढे स्वच्छ लिहावे. नव्वद जणांच्या तुकडीत शिकून एखाद्या मुलीने गणितात पहिला क्रमांक मिळवला आहे, हे वाचकाला या पानावरूनच कळते. तिने स्वतः ते सांगितले तर बढाई वाटेल.

शिफारसपत्रे

साधारणपणे दोन विषय-शिक्षकांची आणि एक काउन्सेलरचे अशी तीन पत्रे लागतात. आपल्याकडे शिक्षकांना अशा पत्रांची सवय नाही, आणि वर्गाच्या ओझ्याखाली ‘तूच लिहून आण, मी सही करते’ हे वाक्य सहज निघून जाते. विद्यार्थ्याने इथे नम्रपणे पण ठामपणे नाही म्हणावे. हे खोटेपण आहेच, शिवाय ते पकडले जाते: विद्यार्थ्याचा निबंध आणि शिक्षकाचे पत्र एकाच लेखणीतून उतरले आहे, हे रोज शेकडो पाने वाचणाऱ्या माणसाला पहिल्या परिच्छेदात कळते.

शिक्षकाला मदत करण्याचा रास्त मार्ग वेगळा आहे. पत्र मागताना मुलांनी मला एक पान टिपण आणून द्यावे, असे मी सांगते. त्यात विशेषणे नकोत. कोणत्या तासाला काय विचारले, कोणता धडा आवडला नाही आणि का, कोणत्या निबंधाला कमी गुण मिळाल्यावर तो पुन्हा लिहिला, वर्गाबाहेर माझ्याशी कशाविषयी बोलणे झाले, असे प्रसंग हवेत. ‘ही विद्यार्थिनी अत्यंत कष्टाळू, प्रामाणिक आणि आज्ञाधारक आहे’ या वाक्याने त्या मुलीची काहीच ओळख होत नाही, आणि ‘आज्ञाधारक’ हा शब्द तर चर्चेवर चालणाऱ्या वर्गासाठी गुण म्हणून मोजलाही जात नाही. याउलट, ‘पाठ्यपुस्तकातील कवितेचा मी सांगितलेला अर्थ तिला पटला नाही, दुसऱ्या दिवशी तिने दोन ओळींचा आधार घेऊन वेगळा अर्थ मांडला, आणि मी माझे टिपण बदलले’ हे वाक्य मी एकदा लिहिले होते, आणि ते जसे घडले तसेच लिहिले होते.

शिक्षक निवडताना पद पाहू नये. विभागप्रमुखांपेक्षा ज्यांनी अकरावी-बारावीत प्रत्यक्ष शिकवले त्या तासिका तत्त्वावरील शिक्षिकेचे पत्र अधिक मोलाचे असते. एक शिक्षक गणित-विज्ञानाचा आणि एक भाषा किंवा सामाजिक शास्त्राचा असावा. आमदार, नगरसेवक, संस्थेचे अध्यक्ष यांची पत्रे आणू नयेत. ती वाचणाऱ्याचा वेळ घेतात आणि विद्यार्थ्याविषयी काही सांगत नाहीत. अर्जात एक प्रश्न असतो की शिफारसपत्र पुढे पाहण्याचा हक्क तुम्ही सोडता का. तो हक्क सोडावा, म्हणजे शिक्षकांनी मोकळेपणाने लिहिले आहे, असे वाचकाला मानता येते.

पहाटेची डेअरी

अर्जात दहा उपक्रमांची जागा असते आणि प्रत्येकाच्या वर्णनाला दीडशे अक्षरखुणांची मर्यादा असते. शहरातील मुलांकडे वादविवाद, रोबोटिक्स, ऑलिंपियाड अशी यादी असते. खेड्यातील आणि तालुक्यातील मुले ती यादी ऐकून हिरमुसतात आणि ‘माझ्याकडे काहीच नाही’ म्हणतात. ते जवळजवळ कधीच खरे नसते. घरातील जबाबदारी हा त्या अर्जात उपक्रमाचा एक अधिकृत प्रकार आहे. आजीचे औषधपाणी, धाकट्या भावाचा अभ्यास, दुकानाच्या गल्ल्यावर बसणे, गणेश मंडळाचा जमाखर्च, शासनाची एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट चित्रकला परीक्षा, भजनी मंडळात पेटीची साथ, हे सगळे तिथे बसते; आठवड्याचे तास आणि वर्षाचे आठवडे मात्र प्रामाणिकपणे मोजून भरावेत.

मुख्य निबंध २५० ते ६५० शब्दांचा असतो. एका विद्यार्थिनीचा पहिला मसुदा ‘लहानपणापासून मला समाजासाठी काहीतरी करण्याची तीव्र इच्छा होती’ असा सुरू होत होता आणि पुढे दोन पाने तसाच चालला होता. इंग्रजी निर्दोष होते. मी तिला विचारले, पहाटे साडेपाच ते साडेसात तू काय करतेस? ती म्हणाली, दूध डेअरीवर असते, वडिलांबरोबर.

मग हळूहळू सगळे बाहेर आले. गावातल्या संकलन केंद्रावर ती नमुना घेऊन यंत्रात घालायची आणि फॅटचा आकडा मोठ्याने सांगायची, कारण दुधाचा दर फॅट आणि एसएनएफवर (फॅट सोडून उरलेल्या घन घटकांवर) ठरतो. एका मावशीच्या म्हशीच्या दुधाची फॅट रोज कमी लागायची आणि मावशी रोज निमूटपणे पासबुक पुढे करायची. या मुलीच्या लक्षात आले की मावशी लांबच्या वस्तीवरून यायची, रांगेत शेवटी उभी राहायची, आणि तोवर कॅन तसाच ठेवलेला असल्यामुळे साय वर गोळा झालेली असायची. नमुना मात्र लांब दांड्याच्या मापाने तळातून काढला जायचा. तिने नमुन्याआधी दूध ढवळायला सुरुवात केली आणि महिनाभर वहीत दोन्ही आकडे लिहिले: ढवळण्यापूर्वी ५.८, ढवळल्यावर ६.४, असे. वडिलांना ती वही दाखवल्यावर केंद्रावर प्रत्येक कॅन ढवळूनच नमुना घेण्याचा नियम झाला.

तो निबंध झाला. त्यात समाजसेवा हा शब्द एकदाही आला नाही. विचार कसा चालतो, शंका कशी येते, ती तपासायची कशी आणि तपासल्यावर घरातल्या मोठ्या माणसाशी बोलायचे कसे, हे सगळे त्या दोन आकड्यांत होते. वाक्ये साधी होती, एक-दोन ठिकाणी मराठी वळणाची होती, आणि ती मी तशीच राहू दिली. सेमी-इंग्रजीतून आलेल्या मुलांनी अवघड शब्दांच्या मागे लागू नये. इंग्रजी किती येते हे टोफेल, आयईएलटीएस किंवा ड्युओलिंगोच्या परीक्षेतून कळते. निबंधातून माणूस कळायला हवा.

लाखभर रुपये घेऊन निबंध ‘तयार करून’ देणारे सल्लागार शहरांत भरपूर आहेत, आणि संगणकाला सांगून निबंध लिहून घेणेही आता सोपे झाले आहे. दोन्ही टाळावे. अर्जाच्या शेवटी हे लेखन माझे स्वतःचे आहे अशी सही करायची असते, आणि खोटे ठरल्यास मिळालेला प्रवेशही रद्द होऊ शकतो. शिक्षकाने किंवा ताईदादाने मसुदा वाचून ‘इथे मला कळले नाही’ एवढे सांगणे पुरेसे असते. नेमका सल्ला हवा असेल तर अमेरिकन सरकारच्या ‘एज्युकेशन-यूएसए’ या व्यवस्थेची केंद्रे भारतात आहेत, मुंबईतही आहे, आणि तिथे या कॉलेजांची मूलभूत माहिती कमिशन न घेता मिळते.

कॉलेज कसे निवडावे

क्रमवारीची यादी उघडून वरून दहा नावे उचलणे हा सर्वांत वाईट मार्ग आहे. ही कॉलेजे एकमेकांपेक्षा फार वेगळी असतात. अॅमहर्स्ट आणि ग्रिनेलमध्ये पहिल्या वर्षाच्या एका परिसंवादवजा अभ्यासक्रमाखेरीज सर्वांना सक्तीचा असा विषय नाही. कोलोरॅडो कॉलेजात एका वेळी एकच विषय साडेतीन आठवडे शिकवला जातो आणि तो संपला की दुसरा सुरू होतो. वूस्टरमध्ये प्रत्येक विद्यार्थ्याला शेवटच्या वर्षी स्वतंत्र संशोधन करावे लागते. मिनेसोटातील मॅकालेस्टर शहरात आहे आणि परदेशी विद्यार्थ्यांची तिथे जुनी परंपरा आहे. संयुक्त राष्ट्रांचे पुढे सरचिटणीस झालेले कोफी अन्नान १९६१ साली तिथूनच पदवीधर झाले. ग्रिनेल हे आयोवातील मक्याच्या आणि सोयाबीनच्या शेतांमधले, सुमारे साडेनऊ हजार वस्तीचे गाव आहे आणि तिथला हिवाळा शून्याच्या बराच खाली उतरतो. मुलाला हे आवडेल का, हा प्रश्न पालकांनी आधी विचारावा, विमानाचे तिकीट काढताना नव्हे.

प्रत्येक कॉलेजच्या संकेतस्थळावर अभ्यासक्रमांची सूची असते. विद्यार्थ्याने त्यातून आपल्याला खरोखर बसावेसे वाटतील असे तीन अभ्यासक्रम शोधावेत, त्यांची वर्णने नीट वाचावीत, ते शिकवणारे प्राध्यापक कशावर काम करतात ते पाहावे आणि विद्यार्थ्यांचे वृत्तपत्र चाळावे, कारण तिथे तक्रारीही वाचायला मिळतात. अनेक कॉलेजे ‘आमच्याचकडे का’ असा छोटा निबंध मागतात. कॉलेजचे नाव बदलून तोच मजकूर दुसरीकडे चालत असेल तर तो निबंध अजून झालेला नाही, असे समजावे. काही छोटी कॉलेजे विद्यार्थ्याने किती आस्था दाखवली याचीही नोंद ठेवतात. त्यांच्या ऑनलाइन माहितीसत्रांना नाव नोंदवून बसावे आणि मुलाखतीची संधी दिली तर घ्यावी.

आठ ते दहा नावे पुरेत. एसएटी या अमेरिकन प्रवेश परीक्षेची सक्ती बऱ्याच ठिकाणी नाही. बोडन कॉलेजने तर १९६९ सालीच प्रवेश परीक्षेचे गुण ऐच्छिक केले. गुण चांगले आले तर पाठवावेत, नाहीतर प्रत्येक कॉलेजचा त्या वर्षीचा नियम पाहून ठरवावे. अर्जाचे शुल्क ग्रिनेल, स्मिथ यांसारखी कॉलेजे घेतच नाहीत, आणि इतर अनेक ठिकाणी आर्थिक अडचण कळवल्यास ते माफ होते.

पैशांचे सरळ बोलणे

नामांकित कॉलेजांत शिक्षण, राहणे आणि जेवण मिळून वर्षाचा खर्च ८० हजार डॉलरच्या पुढे जातो, म्हणजे रुपयांत साधारण सत्तर लाखांच्या पुढे. हा आकडा पाहून बहुतेक घरांत विषय तिथेच संपतो. तो इतक्या लवकर संपू नये, कारण यांतील काही कॉलेजे निवडलेल्या परदेशी विद्यार्थ्याला कुटुंबाची ऐपत आणि खर्च यांतला फरक पूर्ण भरून देतात.

इथे एक भेद समजून घ्यावा. अॅमहर्स्ट आणि बोडन ही कॉलेजे प्रवेशाचा निर्णय घेताना परदेशी अर्जदाराला मदत हवी आहे की नाही हे पाहत नाहीत. बहुतेक इतर कॉलेजे ते पाहतात, म्हणजे जास्त मदत मागणाऱ्याला प्रवेश मिळणे अधिक कठीण होते, परंतु घेतले तर मदत देतात. म्हणून काही पालक ‘आधी मदत नको असे लिहू, प्रवेश मिळाला की मागू’ असा विचार करतात. हे कधीही करू नये. प्रवेशाच्या वेळी मदत न मागणाऱ्या परदेशी विद्यार्थ्याला पुढची चारही वर्षे ती मागता येत नाही, असा बहुतेक ठिकाणी नियम असतो. याशिवाय वूस्टर, बेलॉइट, नॉक्स यांसारखी कॉलेजे गुणवत्तेवर शिष्यवृत्त्या देतात, आणि केंटकीतील बेरिया कॉलेज विद्यार्थ्यांकडून शिक्षणशुल्क घेत नाही. तिथे प्रत्येकाला कॉलेजात काही तास काम करावे लागते.

मदतीसाठी बहुधा ‘सीएसएस प्रोफाइल’ नावाचा अर्ज भरावा लागतो. तो १ ऑक्टोबरला खुला होतो. पहिल्या कॉलेजसाठी २५ डॉलर आणि पुढच्या प्रत्येकासाठी १६ डॉलर पडतात, तेही परवडत नसतील तर कॉलेजला ईमेल करून पर्यायी अर्ज मागावा. नोकरदार पालकांना फॉर्म १६ आणि प्राप्तिकर विवरणपत्रावर काम भागते. शेतकरी कुटुंबाची खरी कसोटी इथे लागते, कारण शेतीचे उत्पन्न करमुक्त असल्यामुळे विवरणपत्र भरलेलेच नसते. डेअरीवर काम करणाऱ्या त्या मुलीच्या घरी आम्ही तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, सातबारा, साखर कारखान्याची ऊसबिले आणि डेअरीचे पासबुक असे चार कागद एकत्र केले. सातबाऱ्यावर आजोबा, दोन काका आणि वडील अशी सामाईक नावे होती. जमिनीचा एकूण आकडा पाहून परदेशी वाचकाला हे मोठे जमीनदार वाटले असते. म्हणून तिच्या वडिलांनी मराठीत सांगितले आणि आम्ही इंग्रजीत एक पानाचे पत्र लिहिले: क्षेत्र किती, आमच्या वाट्याला किती येते, उसाची पहिली उचल केव्हा मिळते आणि अंतिम बिल केव्हा, सोसायटीचे कर्ज किती आहे, आणि आम्ही वर्षाला खरोखर किती रुपये देऊ शकतो. दाखल्यावरचा आकडा आणि बिलांची बेरीज जुळत नसेल तर तेही तिथेच समजावून सांगावे. तालुक्याच्या गावातला प्लॉट किंवा आत्याच्या नावावर ठेवलेले पैसे लपवू नयेत. आणि ऐपत नसताना मोठा आकडाही लिहू नये, कारण प्रवेशानंतर तो भरावाच लागतो.

तारखा

‘अर्ली डिसिजन’चा अर्ज १ किंवा १५ नोव्हेंबरपर्यंत द्यायचा असतो आणि उत्तर डिसेंबरच्या मध्याला येते. तो बंधनकारक असतो: प्रवेश मिळाला तर इतर सर्व अर्ज मागे घ्यावे लागतात, आणि अपवाद साधारणपणे दिलेली मदत पुरेशी नसेल तेवढाच. म्हणून एकच कॉलेज मनापासून आवडले असेल आणि पैशांचे गणित घरात बोलून झाले असेल तरच हा मार्ग घ्यावा. नेहमीच्या अर्जाची मुदत जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात असते, आणि तेव्हाच आपल्याकडे बारावीची पूर्वपरीक्षा आणि प्रात्यक्षिके डोक्यावर असतात. माझा नियम असा आहे की मुख्य निबंध गणपतीच्या सुट्टीत पूर्ण व्हावा, शिक्षकांची पत्रे दिवाळीपूर्वी चढलेली असावीत आणि जानेवारीचे सर्व अर्ज नाताळच्या आत गेलेले असावेत. शेवटच्या रात्री संकेतस्थळ मंदावते आणि तालुक्याच्या गावात वीजही जाते.

नेहमीच्या अर्जांची उत्तरे मार्चच्या उत्तरार्धात येतात, म्हणजे बोर्डाची परीक्षा नुकतीच संपलेली किंवा संपत आलेली असताना. परीक्षा चालू असेल तर उत्तराचा ईमेल शेवटचा पेपर होईपर्यंत न उघडण्याचे घरात आधीच ठरवून ठेवावे. मिळालेल्या प्रवेशांची मदतपत्रे शेजारी ठेवून प्रत्येकात अनुदान किती, कर्ज किती, आणि कॉलेजात काम करून मिळवायची रक्कम किती हे वेगळे काढावे. विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांपर्यंतच कॉलेजच्या आवारात काम करता येते. विमानप्रवास, आरोग्यविमा आणि थंडीचे कपडे त्या पत्रात धरले आहेत का, हे विचारून घ्यावे. निर्णय १ मेपर्यंत कळवायचा असतो.

त्यानंतर कॉलेजकडून ‘आय-२०’ हे व्हिसासाठी लागणारे प्रवेशाचे प्रमाणपत्र येते, सेविस या परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणीचे ३५० डॉलर भरावे लागतात, डीएस-१६० हा व्हिसाचा अर्ज भरून मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातील वाणिज्य दूतावासात मुलाखत द्यावी लागते. पासपोर्ट अकरावीतच काढून ठेवलेला असेल तर या टप्प्यावर धावपळ होत नाही.

बारावीचा निकाल लागल्यावर अंतिम गुणपत्रक पुन्हा काउन्सेलरमार्फतच पाठवायचे असते. प्रवेश मिळाला म्हणून फेब्रुवारीत अभ्यास सोडणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे की गुण फार घसरले तर कॉलेज खुलासा मागू शकते आणि प्रवेशही काढून घेऊ शकते. निकालाच्या दिवशी ऑनलाइन छापील प्रत काढावी, मूळ गुणपत्रिका महाविद्यालयात आली की त्याच दिवशी प्राचार्यांच्या कार्यालयातून ती चढवून घ्यावी, आणि ज्यांनी पत्रे लिहिली त्या शिक्षकांना, कुठे प्रवेश मिळाला आणि कुठे मिळाला नाही, हे समक्ष जाऊन सांगावे. पुढच्या वर्षी दुसऱ्या कोणासाठी पत्र लिहायला बसताना ते त्यांना उपयोगी पडते.